ओढा भांडला त्या साली

“वैजे, तुझा नवरा मेला गं. समुद्रात बुडून मेला,” ठकूबाई ओढ्याच्या पलीकडून खच्चून ओरडली आणि दोन्ही काठांवरची हलगी एकदम थांबली.

मी अलीकडच्या काठावर पदर खोचून उभी होते. शेजारी माझी सासू गजराबाई, आमच्या गावची शिव्यांतली म्होरकी. तिच्या तोंडात ठकूबाईच्या नाकावरची, एके काळी हमखास हशा पिकवणारी शिवी तयार होती, ती तिनं गिळली. ओढ्यात गुडघाभर पाण्यात बंदोबस्ताचे दोन हवालदार उभे होते. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, “आता काय खरं न्हाई.”

हे सगळं काय चाललं होतं ते सांगते. आमचं गाव हिंगणवड, पलीकडचं केळशिरस. मध्ये ओढा. रंगपंचमीला दोन्ही गावच्या बायका आपापल्या काठावर जमतात आणि हलगीच्या ठेक्यावर एकमेकींना शिव्या देतात. आम्ही त्याला ओढा भांडणं म्हणतो. सकाळी एकमेकींना हळदीकुंकू धाडायचं, दुपारी एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरायच्या आणि संध्याकाळी ज्यांच्या लेकी पलीकडे दिल्यात त्यांनी तिकडे चहाला जायचं. नाही भांडलं तर पाऊस पडत नाही म्हणतात. भांडूनसुद्धा कधी कधी पडत नाही, पण तो विषय कुणी काढत नाही.

शिव्यांना नियम आहेत. नाक, रंग, कालवणाची चव, म्हैस, सासरा, कशावरही बोला. कुंकवावर बोलायचं नाही. बाईच्या नवऱ्याचं मरण काढायचं नाही. हा नियम माझ्या आजेसासूच्या आजेसासूनंही पाळला होता, आणि ठकूबाईनं तो भर दुपारी, दोन गावांच्या देखत मोडला. तेवढ्यावरच थांबली नाही. “माशांनी खाल्ला, हाड बी घावायचं न्हाई, आता बस बोंबलत,” असं पुढंही वाढवलं.

त्या साली माझा नवरा खरोखरच समुद्रात होता. आखातात, तेलाच्या जहाजावर खलाशी. आणि तिकडे दोन देश एकमेकांवर क्षेपणास्त्रं टाकत होते. तेव्हा त्यांची भांडणं आमच्या गावात शेंबड्या पोरालाही पाठ होती, आता विचाराल तर आधी कुणी टाकलं हे मला सांगता येणार नाही. एकानं टाकलं की दुसरा म्हणायचा, चोख उत्तर देऊ. उत्तर दिलं की पहिला म्हणायचा, हे उत्तर नव्हे, हा तर हल्ला, आता उत्तर आमचं. आमच्या ह्यांचं जहाज त्या दोघांच्या मधल्या पाण्यात अडकून पडलं होतं. होळीच्या आधीपासून फोन नव्हता. कंपनीतला माणूस म्हणायचा, “घाबरू नका, सगळे सुखरूप आहेत.” कुठं आहेत विचारलं की म्हणायचा, “ते सांगता येत नाही.” मी घाबरले होते. भाकरी थापताना, धुणं पिळताना, हसतानासुद्धा घाबरलेलीच असायचे.

त्यात ठकूबाईचं हे बोलणं. मी काठावरच मटकन खाली बसले.

सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी विधवा बाई ती. तिचा एकुलता एक मुलगा, सुदाम, फौजेत होता. फार वर्षांपूर्वी सीमेवर मारला गेला. त्यानंतर ठकूबाई ओढ्यावर भांडायला कधी आली नव्हती. ह्या साली अचानक कमरेवर हात ठेवून उभी राहिली, तेव्हा आमच्या बायकांना बरंच वाटलं होतं. म्हातारी सावरली, म्हणाल्या. आणि सावरलेल्या म्हातारीनं हे असं केलं.

दुसऱ्या दिवशी दूध डेअरीत बैठक बसली. डेअरीतच, कारण टीव्ही तिथं होता आणि बापू चव्हाण तिथून हलत नसे. बापू डेअरीचा सचिव. दूध मोजून झालं की दिवसभर युद्धाच्या बातम्या बघायचा, आणि त्याच्या तोंडात आता साधं वाक्य राहिलं नव्हतं.

“उत्तर द्यावं लागंल,” बापू म्हणाला, “पण ते प्रमाणात पाहिजे. जशी कारवाई, तशी प्रतिकारवाई.”

“म्हंजी काय करायचं ते सांग की,” सासूबाई म्हणाल्या.

“तिनं आपला एक माणूस मारला, तोंडानं. आपण तिचा एक मारायचा. तोंडानं.”

बायका विचारात पडल्या. मग सरूकाकी हळूच म्हणाली, “पर तिच्या घरात मारायला माणूस कुठं शिल्लक हाय?”

नवरा गेलेला, लेक गेलेला. म्हशीचं नाव निघालं, पण म्हैस गाभण होती आणि गाभण जनावराचं मरण बोलायला एकही बाई तयार होईना. पुतण्या निघाला, तर तो आमच्याच सरूकाकीचा जावई. शेवटी बापूनं टीव्हीकडे बोट केलं. तिथं एका देशानं दुसऱ्याचा रिकामा तळ उडवला होता, आणि उडवायच्या आधी निरोप धाडून माणसं बाहेर काढायला सांगितलं होतं.

“ह्याला म्हणत्यात जबाबदार हल्ला,” बापू म्हणाला.

तेव्हा ठकूबाईच्या परसातली गोवऱ्यांची रास फोडायची ठरली. सासूबाईंनी बापूच्याच फोनवरून तिला फोन लावला. मी समोर होते, म्हणून सांगते, शब्द न् शब्द असाच झाला.

“ठके, गजरा बोलतीया. आम्ही आज पाच वाजता तुझ्या गोवऱ्या फोडाय येणार हाय. म्हस बाजूला बांध.”

“पाचला मी गिरणीत जाणार हाय. सहाला या.”

“सहाला आमची धार असती.”

“मग साडेपाचला या. दार पुढं लोटून घ्या जाताना, कुत्री शिरत्यात.”

“बरं,” सासूबाई म्हणाल्या आणि रागानं फोन आपटला.

साडेपाचला बायका गेल्या, गोवऱ्या फोडल्या, दार लोटून आल्या. बापूनं जाहीर केलं, शत्रूचा इंधनसाठा नष्ट. केळशिरसनं जाहीर केलं, काही नुकसान नाही, गोवऱ्या ओल्याच होत्या. आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला: तुमच्या धाब्यावर वाळत घातलेल्या कुरडया तुडवायला येतोय, पोरंबाळं खाली उतरवा. आमच्या बायकांनी ताज्या कुरडया उचलून गेल्या सालच्या, किडलेल्या पसरून ठेवल्या. त्यांनी त्या इमानदारीनं तुडवल्या. जाताना त्यातलीच एक म्हणाली, “कुरड्यात मीठ कमी हाय गं तुमच्या.” ही शिवी मात्र सासूबाईंना फार लागली.

हसू येतं आता. तेव्हा मला कुणाचं हसू, कुणाचा राग, काहीच कळत नव्हतं. गावाला लढाई मिळाली होती. बाया सकाळी उठून पावडर लावून डेअरीत यायच्या. आणि माझा फोन मुका होता. मी तो तांदळाच्या डब्यावर ठेवायचे, उचलायचे, पुन्हा ठेवायचे. ठकूबाईला मी मनातल्या मनात काय काय म्हणाले ते इथं सांगण्यासारखं नाही. रांडेनं बोललं तसं झालं तर, एवढंच डोक्यात फिरायचं.

मग वरवड ह्या भांडणात उतरलं. वरवड ओढ्याच्या वरच्या अंगाचं गाव. तिथं बंधारा आहे, आणि त्याच्या फळ्या त्यांच्या ताब्यात. त्यांच्या सरपंचाची बहीण आमच्यात दिलेली. सरपंच फटफटीवरून आला आणि म्हणाला, “तुमच्या सुनेच्या कुंकवावर बोललं म्हंजी आमच्यावर बोललं. उद्या फळ्या काढतो. साठलेलं पाणी सोडून देतो, मग उन्हाळाभर वढा कोरडा. केळशिरसचा उन्हाळी भुईमूग जळू द्या.”

“आणि आमचा?” मी विचारलं. ओढा तोच, पाणी तेच.

“थोडी झळ आपल्याला बी बसंल,” बापू म्हणाला. “एवढं सोसावं लागतं.”

तिकडे केळशिरसच्या बाजूनं डोंगराकडची वाडी उठली. फळ्या निघाल्या तर बाजाराचा रस्ता खणू म्हणाली. पोरांनी कुऱ्हाडी, टिकाव धुंडाळायला घेतले. आता तोंडानं मारायचं मागं पडलं होतं. मी सासूबाईंना म्हणाले, “आत्या, बास करा. भुईमूग गेला तर खायचं काय?” त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि डोळे भरले होते त्यांचे. “तुझा नवरा हाय, तसा माझा ल्योक हाय त्यो,” म्हणाल्या. “तिनं माझ्या लेकाला माशास्नी घातला. मी गप बसू?”

मग मी सरळ ओढा ओलांडला. दुपारची वेळ, सगळ्यांच्या देखत. कुणी अडवलं नाही, मी तिला मारायलाच चाललेय असं वाटलं असणार. मलाही तसंच वाटत होतं.

ठकूबाई परसात बसून फुटक्या गोवऱ्या पुन्हा थापत होती. मला बघून हात धुतले.

“फोन आला?” तिनं पहिलं हेच विचारलं.

“तुम्हाला काय करायचंय?” मी म्हणाले. “मारून मोकळ्या झालाय की.”

“आला का न्हाई, ते सांग.”

“न्हाई.”

तिनं ओले हात लुगड्याला पुसले. मग म्हणाली, “म्हंजी कमी पडलं.”

मला काही समजेना. ती माझ्याकडे बघत म्हणाली, “मरण बोललं की माणसाचं आयुष्य वाढतं, हे तुझ्या आईनं शिकवलं न्हाई व्हय तुला?”

“ते… लोक म्हणायचं म्हणून म्हणतात.”

“लोक कशाला म्हणत्यात मग? आणि घरच्यानं बोलून भागत न्हाई. घरच्याची शिवी लागत न्हाई. ती वैऱ्यानं द्यावी लागती, वाहत्या पाण्याच्या पल्याडनं, वाजवून-गाजवून. ह्यासाठीच तर वडा भांडायचा. पावसाचं काय, पाऊस त्याच्या मनानं पडतो.”

मी तिच्या ओट्यावर बसले.

“सुदाम गेला त्या साली बी असंच चाललं हुतं,” ती म्हणाली. “त्यांनी गोळा टाकायचा, आपण टाकायचा. तालुक्याचं सायेब आलं आणि म्हणालं, सीमेवर पोरं लढत्यात आणि इथं बाया शिव्या देत्यात, बरं दिसत न्हाई. औंदा वडा बंद. तुझ्या सासूनं माझ्या सुदामासाठी मारुतीला नारळ फोडला. समदी चांगलं चांगलं बोलली. वाघ म्हणाली, वीर म्हणाली. एकीनं बी मेल्या म्हणलं न्हाई.”

म्हैस दाव्याला अंग घासत होती. मला रडू आलं, आणि लाजही वाटली.

“मी आत्यास्नी सांगते,” मी उठले. “आत्ताच्या आत्ता सांगते, म्हंजी भांडण मिटंल.”

तिनं माझं मनगट धरलं. “एक शब्द सांगायचा न्हाई. ऐकणाऱ्याला राग याय पाहिजे, खरा राग. कळलं की राग जातो, आणि राग गेला की शिवी फुकट जाती.”

“मला कळलं की आता.”

“तुझं एकटीचं चालंल. गजरा पेटली पाहिजे.”

“आणि फळ्या? उद्या पाणी सोडणार हायेत ते.”

“ते तू बघ,” ठकूबाई म्हणाली आणि पुन्हा गोवऱ्या थापायला बसली. “मला समदं नगंस सांगू. मी त्याचं आयुष्य बघती, तू पाणी बघ.”

परत येताना मी ओढ्यात मध्येच थांबले. खरं सांगितलं तर दोन गावं वाचतात, पण शिवीतली ताकद जाते. नाही सांगितलं तर बंधारा रिकामा होतो. माझा ह्या असल्या गोष्टींवर विश्वास होता का? पोर आजारी पडलं तर मी डॉक्टरकडेच नेणारी बाई. पण डॉक्टरांनी हात टेकले की दृष्टही काढणारी. आणि आखातातल्या त्या पाण्यावर माझा कुठलाच डॉक्टर चालत नव्हता.

डेअरीत सगळे होते. वरवडचा सरपंचही. मी उंबऱ्यात उभी राहिले आणि म्हणाले, “कुंकू कुणाचं?”

“तुझं,” सासूबाई म्हणाल्या.

“मग उत्तर कुणाचं? माझ्या कुंकवाचं उत्तर वरवडनं का द्यायचं? तुमच्या फळ्या कशाला पाहिजेत मला? तिनं वड्यावर बोललं, मी वड्यावरच बोलणार. उद्या पुन्हा वडा भांडायचा. ठकूबाईनं यायचं आणि मी यायचं. त्यानंतर काय फळ्या काढायच्या त्या काढा.”

सरपंच चुळबुळ करायला लागला. बापूनं मात्र मान डोलावली. “पहिला अधिकार बाधित पक्षाचा,” तो म्हणाला. त्याच्या त्या टीव्हीचा मला आयुष्यात तेवढा एकदाच उपयोग झाला.

सालात दोनदा ओढा भांडायचं कधी कुणी ऐकलं नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी झाडून सगळे आले. हवालदार वैतागून पुन्हा पाण्यात उतरले. डोंगराकडची वाडी आली. वरवड तर अख्खं आलं, सरपंचासकट. बंधाऱ्यावर फळ्या काढायला माणूसच उरला नाही.

हलगी वाजली आणि ठकूबाई सुटली. काय सांगू तुम्हाला. तिनं माझ्या नवऱ्याला बुडवला, जाळला, शार्कला घातला, वर त्याच्या तेराव्याच्या जेवणात मीठ कमी पाडलं. आमच्या काठावर बायका कानावर हात ठेवून उभ्या होत्या. सासूबाईंचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांच्या रागाकडे बघून मी मनात म्हणत होते, पेटा आत्या, आणखी पेटा.

मग माझी पाळी आली. मी रात्रभर विचार केला होता तिला काय द्यायचं. नाक नको, म्हैस नको. माझ्यापाशी तिला देण्यासारखी एकच गोष्ट होती.

“ठके,” मी ओरडले, “तू मर. आजच्या आज मर. तुझ्या तिरडीला खांदा मिळू नये. तुझ्या पिंडाला कावळा शिवू नये. मर तू.”

पलीकडे ठकूबाई ताठ झाली. तिला कळलं, मी काय करतेय ते. आणि तिला राग आला. नाटकातला नाही, खरा. काठी उगारून ती पाण्यात उतरली.

“मला न्हाई गं, सटवे,” ती किंचाळली. “माझं नाव घेऊ नगंस. माझं वाढवू नगंस. मला जायाचंय माझ्या लेकाकडं.”

दोन्ही काठ खदाखदा हसले. त्यांना वाटलं, म्हातारी शिव्यांत हरली. हवालदारांनी तिला धरून मागं नेलं. “मर,” मी ओरडतच होते, आणि तोंडावरून पाणी वाहत होतं. सासूबाई माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, “शाब्बास गं माझी बाय.” त्यांचा सूड निघाला होता. सरपंचाचाही निघाला. इतकं हसून माणसं परत फळ्या काढायला जात नाहीत, ती भज्यांच्या गाड्यावर गेली.

ह्यांचा फोन त्यानंतर आला. आवाज कुठल्याशा विहिरीतून आल्यासारखा येत होता.

“वैजू, कोण काढत हुतं गं माझी एवढी आठवण?” हे म्हणाले. “बुधवारी दुपारी उचकी लागली ती थांबंचना. डेकवर उभा हुतो. मुकादम वैतागला, म्हणाला खाली जाऊन पाणी पी. खाली गेलो आणि वर धडाम्. त्यांचं ते क्षेपणास्त्र दुसऱ्यानं हवेतच फोडलं, त्याचा तुकडा. मी उभा हुतो तिथं भोक पडलंय, म्हस बसंल एवढं.”

आम्ही दुसऱ्यांदा ओढा भांडलो तो वार बुधवारच होता. तुम्ही मानू नका. मी तरी कुठं सगळं मानते.

“ठकूबाई काढत हुती,” मी म्हणाले.

पुढं ते दोन देश थांबले. दोघांनीही आपण जिंकलो म्हणून सांगितलं. हिंगणवड आणि केळशिरसनंही तेच सांगितलं.

त्यानंतर दरसाल मी ओढ्यावर ठकूबाईचं मरण बोलते. माझं बघून अख्खा काठ बोलायला लागला. ती आता नव्वदीच्या घरात आहे. कान गेले, दात गेले, जीव जात नाही. हे रिटायर होऊन घरी आलेत, म्हशी राखतात, आणि रंगपंचमीला तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून काठावर आणतात.

औंदा सकाळी हळदीकुंकवाबरोबर तिचा निरोप आला. “वैजीला सांगा, ह्या साली माझं नाव घेऊ नगं. लई झालं. आता तिला सोडाय सांगा मला.”

तो निरोप मी आणणारीकडून दोनदा म्हणवून घेतला. पण तिचं बरोबर होतं. तिनं माझं माणूस राखलं, मी तिला तिच्या माणसापासून अडवून ठेवलं होतं. मी ठरवलं, ह्या साली तिच्याशी चांगलं बोलायचं. सगळ्यांदेखत, वाजवून-गाजवून. चांगल्या शब्दानं काय होतं ते तिनंच मला सांगितलं होतं.

हलगी वाजली. पलीकडे खुर्चीत ती बसली होती, हात जोडून, माझ्याकडे बघत. हे तिच्या मागं उभे होते. मी पुढं झाले. “ठकूबाई,” मी म्हणाले, “तुम्ही लई…”

“ठके, मर,” माझ्या शेजारून आवाज आला. माझी सासू. ऐंशी गाठलेली, काठी टेकत पुढं आली. “मर तू, बोचऱ्या नाकाचे, आजच्या आज मर.”

“आत्या,” मी त्यांचा दंड धरला, “काय केलंत हे? तिला जायचंय हो. तुम्हाला ठाऊक न्हाई…”

“मला काय दुधखुळी समजलीस? म्हशीएवढं भोक पडलं, तवाच समजले मी,” सासूबाई म्हणाल्या. “ती गेली तर मला मर म्हणाय कोण हाय पल्याड?”

पलीकडे ठकूबाईला ऐकू गेलं नसणार, पण गजरेचं तोंड हललेलं तिनं बघितलं होतं. रागानं लाल होऊन ती आमच्या ह्यांचा हात धरून खुर्चीतून उठायला धडपडत होती, उत्तर द्यायला.